हस्तवळणी मुद्राक्षरे : स्वरूप आणि विनियोग

मुद्रणातील अक्षरांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पाडता येतात. पहिल्या वर्गातील अक्षर घडविलेले असते. त्याची उभी रेघ, वाटोळे पोट, डोक्याची व पायाची टोके ही सर्व मापून, कोरून सिद्ध केलेली आहेत हे ते लपवीत नाही. दुसऱ्या वर्गातील अक्षर लिहिलेले आहे असा भास उत्पन्न करते. लेखणी कोठे टेकली, कोठे दाबली गेली, कोठून उचलली गेली याच्या खुणा त्यात राखलेल्या असतात, आणि पुष्कळदा एक अक्षर पुढल्या अक्षराचा हात धरूनच उभे असते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या वर्गास हस्तवळणी मुद्राक्षरे ही संज्ञा योजिली आहे.

लग्नपत्रिका, मानपत्र, प्रमाणपत्र, ग्रंथाचे मुखपृष्ठ या स्थळी अशी अक्षरे वापरण्याचा प्रघात जुना आहे. संगणकावर शेकडो टाइपांची यादी कोणाही लिहिणाऱ्याच्या हाताशी आल्यापासून मात्र ती परिपत्रकात, सूचनाफलकावर आणि क्वचित प्रबंधाच्या प्रास्ताविकातही शिरली आहेत. अशा वेळी निवडीमागे 'सुंदर दिसते' याहून अधिक विचार बहुधा नसतो. परंतु सौंदर्य हा निकष येथे अपुरा आहे. प्रत्येक हस्तवळणी टाइपाच्या मागे एक विशिष्ट लेखणी आणि त्या लेखणीचे एक विशिष्ट काम उभे असते. तो टाइप कोठे शोभेल आणि कोठे वाचकाची वाट अडवील, हे त्यावरून पुष्कळसे ठरते. देवनागरीच्या बाबतीत तर प्रश्न आणखी बिकट होतो. रोमन लिपीत जी जागा अलंकारासाठी मोकळी असते, तीच देवनागरीत अर्थाने व्यापलेली असते.

प्रथम रोमन लिपीकडे वळणे इष्ट होईल, कारण या प्रकारच्या टाइपांचा सलग इतिहास तीतच आढळतो. व्हेनिसचा मुद्रक आल्दुस मानुतियुस याने १५०१ साली व्हर्जिलच्या काव्यांची लहान आकाराची आवृत्ती एका नव्या तिरप्या टाइपात छापली. त्याचे ठसे फ्रान्चेस्को ग्रिफो याने कोरले होते. इटलीतील विद्वान आणि कचेऱ्यांतील लेखनिक ज्या धावत्या, किंचित कललेल्या हाताने लिहीत, त्या हाताचे हे धातुरूप होय. मोठी अक्षरे मात्र सरळ उभीच ठेवलेली होती. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, आज केवळ ठसक्यासाठी किंवा ग्रंथनामासाठी वापरला जाणारा इटॅलिक हा आरंभी सबंध ग्रंथ छापण्यासाठी जन्मास आला. तो अलंकार नव्हता. धावत्या व्यवहारलेखनाला ग्रंथात मिळालेला तो प्रवेश होता. पुढे लुदोविको देल्यी आर्रीगी या रोममधील लेखनिकाने १५२२ ह्या सालाचा निर्देश असलेला आपला लेखनकित्ता, 'ला ओपेरिना', लाकडी ठोकळ्यांवरून छापविला. खिळे जुळवून तो छापला नाही याचे कारण उघड आहे. लेखणीचे सांधे आणि लांबविलेले शेंडे त्या काळच्या खिळ्याला पेलणारे नव्हते. तरीही दोनच वर्षांत, १५२४ च्या सुमारास, आर्रीगी स्वतः मुद्रणाकडे वळला आणि आपल्याच हाताच्या वळणाचा टाइप त्याने वापरात आणला.

या कुलातील अक्षरे रुंद टोकाच्या लेखणीची आहेत. अशा लेखणीने काढलेल्या रेषेची जाडी दाबावर नव्हे, तर दिशेवर अवलंबून असते. त्यामुळे जाड व बारीक रेषांचे प्रमाण नियमित राहते, बारीक रेषाही फारशी नाजूक होत नाही, आणि अक्षरे एकमेकांस बहुधा चिकटत नाहीत. परिणामी हे कुल वाचनास सर्वांत सोसणारे आहे. फ्रेडरिक वॉर्ड याने १९२५ साली आर्रीगीच्या नावानेच केलेला टाइप पुढे ब्रूस रॉजर्सच्या 'सेंटॉर'चा जोडीदार म्हणून ग्रंथमुद्रणात रुजला, तो याच गुणामुळे. हेरमान त्साफ (१९१८-२०१५) यांचा १९७९ मधील 'त्साफ चान्सरी' हाही याच घराण्यातला. एखादा परिच्छेद, एखादी अर्पणपत्रिका किंवा लहानसे मानपत्र तो सहज निभावून नेतो. त्याचे दुर्दैव असे की, १९८६ मध्ये 'लेझररायटर प्लस' या मुद्रणयंत्रात जे टाइप आयतेच भरून मिळू लागले त्यांत त्याचा समावेश झाला, आणि मग कचेरीतल्या साध्यासुध्या सूचनाही त्याच दरबारी थाटात निघू लागल्या. टाइपाच्या अंगचा गुण आणि त्याच्या वाट्याला आलेला वापर या दोहोंत अशी फारकत अनेकदा पडते.

दुसरे एक उदाहरण फारसे परिचित नसले तरी बोधप्रद आहे. ल्यों येथील ठसेकार रोबेर ग्रांजाँ याने १५५७ साली फ्रेंच लोकांच्या दैनंदिन हाताचे अनुकरण करणारा टाइप सिद्ध केला. इटलीला जसे स्वतःच्या हाताचे मुद्रित अक्षर आहे तसे फ्रान्सलाही असावे, अशी त्यामागची भूमिका होती. शब्दारंभी आणि शब्दान्ती योजावयाची अक्षराची निरनिराळी रूपेही त्यात पुरविलेली होती. त्याच्या वापरासाठी ग्रांजाँला राजाकडून दहा वर्षांचा हक्क मिळाला. परंतु फ्रान्सचा राष्ट्रीय ग्रंथटाइप काही तो झाला नाही. त्याला खरी जागा मिळाली ती मुलांच्या शिष्टाचाराच्या पुस्तकांत. एरास्मसच्या अशाच एका पुस्तकाचे फ्रेंच रूपांतर या टाइपात छापले गेले आणि त्यावरून टाइपाला 'सिव्हिलिते' हे नाव पडले. एकोणिसाव्या शतकापर्यंत तो या कामी टिकून राहिला. मुलांना छापील अक्षराबरोबर हाताचे अक्षरही वाचता यावे हा त्या पुस्तकांचा एक उद्देश होता. म्हणजे हस्तलेखनाचे वाचन हेच जेथे साध्य होते, तेथे हस्तवळणी टाइप वाचनाच्या आड आला नाही.

आज लग्नपत्रिकांवर दिसणारा नाजूक, वळणदार, कुलुपाच्या साखळीसारखा जोडलेला रोमन टाइप मात्र वरील कुलातील नव्हे. त्याचे मूळ सतराव्या-अठराव्या शतकातील इंग्लंडच्या गोलाकार हातात आहे. टोकदार आणि लवचीक पिसाच्या लेखणीने तो लिहिला जाई. येथे रेषेची जाडी दिशेवर नव्हे, तर दाबावर अवलंबून असते. रेघ खाली ओढताना टोक फाकते व रेषा भरते, वर नेताना ती केसासारखी बारीक होते. मराठी वाचकाला टाकाने लिहिलेले इंग्रजी कित्ते आठवले तर हा फरक चटकन उमगेल. वाढत्या व्यापाराला हिशेबनीस आणि पत्रलेखक हवे होते व त्यांना शिकविण्यासाठी लेखनगुरूंचे कित्ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापले जात. जॉर्ज बिकम याचा 'द युनिव्हर्सल पेनमन' हा १७३३ ते १७४१ या काळात भागाभागांनी निघालेला संग्रह त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. गंमत अशी की, कोरक्याची सळई लेखणीहूनही बारीक रेषा काढू शके. मग लेखनिक त्या कोरीव रेषेचे अनुकरण लेखणीने करू लागले. ज्याला आज शुद्ध हस्तलेखन समजले जाते त्यात धातूवरील कोरीव कामाचा वाटा असा बराच आहे.

हा हात खिळ्यात आणणे अत्यंत कष्टाचे ठरले. खिळ्याचे अंग चौकोनी, अक्षर मात्र तिरपे आणि शेजारच्या अक्षराच्या हद्दीत जाणारे. अंगाबाहेर आलेला भाग छापताना तुटे. न काढावा तर सांधे उघडे पडत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फिर्मां दिदो याने पॅरिसमध्ये तिरप्या अंगाचे खिळे आणि जोडरेषांचे स्वतंत्र तुकडे योजून हा प्रश्न सोडविला. पण जुळाऱ्याचे काम त्यामुळे किती किचकट झाले असेल याची कल्पनाच केलेली बरी. ही अडचण खऱ्या अर्थाने दूर झाली ती प्रकाशजुळणी आल्यावर, कारण तेथे खिळ्याला अंगच उरले नाही. मॅथ्यू कार्टर यांनी १९६० नंतरच्या दशकात लायनोटाइप कंपनीसाठी केलेला 'स्नेल राउंडहँड' हा चार्ल्स स्नेल या जुन्या लेखनगुरूच्या हातावर आधारलेला टाइप या संधीचेच फळ होय. १९९६ साली घोषित झालेल्या 'ओपनटाइप' पद्धतीमुळे शेजार पाहून अक्षराचे रूप आपोआप बदलण्याची सोय झाली. रिचर्ड लिप्टन यांचा 'बिकम स्क्रिप्ट' (१९९७) आणि त्साफ यांचा 'त्साफिनो' (१९९८) यांचे वैभव पुढे याच सोयीवर उभे राहिले. 'त्साफिनो'त तर टाइपाचे स्वतःचे नाव टंकित केले की ते सबंध एका जोडरूपात उमटते.

या टोकदार लेखणीच्या कुलाची पथ्ये त्याच्या रचनेतूनच निघतात. केसाएवढी रेषा लहान आकारात, शाई शोषणाऱ्या कागदावर, काळ्या पार्श्वभूमीवरील पांढऱ्या अक्षरांत किंवा झेरॉक्स प्रतीत नाहीशी होते आणि शब्दाचे सुटे सुटे दांडे तेवढे मागे राहतात. म्हणून सुमारे १८ पॉइंटांखाली हा टाइप उतरवू नये आणि वृत्तपत्री कागदावर तर टाळावाच. दोन अक्षरांमधील अंतर वाढविल्यास सांधे निखळतात. ओळ भरून काढण्यासाठी असे अंतर ताणणे हा जुळणीतील दोषच मानावा लागेल. सबंध शब्द मोठ्या अक्षरांत मांडणे ही त्याहून मोठी चूक होय. या टाइपातील मोठे अक्षर शब्दाच्या दाराशी उभ्या असलेल्या यजमानासारखे असते. सगळेच यजमान दारात दाटले तर आत जावयास वाट राहत नाही. दोन-तीन ओळी, मोठा आकार, भोवती मोकळी जागा, गुळगुळीत कागद एवढ्या अटी पाळल्या तर निमंत्रणावरील नावे, पदवीपत्राचे शीर्षक किंवा मुखपृष्ठावरील एखादा शब्द या अक्षरात जसा खुलतो तसा अन्य कशातही खुलत नाही.

कुंचल्याच्या किंवा मुक्त हाताच्या टाइपांबद्दल थोडक्यात सांगता येईल. मार्सेयच्या ओलिव्ह ओतशाळेने १९५३ मध्ये काढलेला रोजे एक्सकोफाँ यांचा 'मिस्त्राल' हा त्यांचा उत्तम नमुना. स्वतःच्या हस्ताक्षरावर बेतलेली ही अक्षरे धातूच्या खिळ्यांतही एकमेकांस बेमालूम जुळतात. त्यांचे क्षेत्र दुकानाची पाटी, जाहिरात, वेष्टन हे आहे. त्यांतील अनौपचारिकता मानपत्राला मानवणारी नाही.

मराठीकडे वळताना एक विलक्षण विरोध दृष्टीस पडतो. युरोपात कचेरीचा धावता हात आल्दुसच्या हस्ते ग्रंथात आला. महाराष्ट्रात धावता हात होता, आणि तो चांगला प्रगल्भ होता. परंतु तो ग्रंथात आला नाही. हा हात म्हणजे मोडी. ओळीची शिरोरेषा आधी एका दमात ओढून घ्यावयाची आणि मग तिच्याखाली बोरू शक्य तितका कमी उचलत अक्षरे लिहीत जावयाचे, ही तिची रीत. व्यंजनाला काना जोडताना रेषा वळून वर जाते व दोहोंचे मिळून एकच रूप होते. ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद तीत पाळला जात नाही. शब्दही बहुधा तोडले जात नाहीत. पत्रव्यवहार, हिशेब, निवाडे यांत लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला विषय आधीच ठाऊक असतो. तेथे ही काटकसर खपते. पोथीत आणि शाळेच्या पुस्तकात ती खपत नाही. म्हणून धर्म व विद्या यांसाठी बाळबोध आणि व्यवहारासाठी मोडी अशी वाटणी छापखान्यापूर्वीच झालेली होती.

छापखान्याने ती वाटणी मोडली नाही, उलट पक्की केली. श्रीरामपूरच्या विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये देवनागरी खिळ्यांत निघाले, आणि १८१० चा कोश मोडी खिळ्यांत. म्हणजे मोडीचा टाइप करणे अशक्य नव्हते. प्रारंभीच तो होऊन गेलेला होता. परंतु मुंबईत ग्रंथमुद्रणाची जी परंपरा रुजली ती बाळबोधाची. गणपत कृष्णाजी यांचे १८३१ चे पंचांग शिळाछापाचे होते. शिळेवरून हाताचे अक्षर जसेच्या तसे उतरविता येत असल्यामुळे पोथ्यांसाठी ती पद्धत पुढेही सोयीची राहिली आणि हस्तवळणाचा खिळा घडविण्याची निकडही त्या मानाने कमी झाली. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये काढलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या टाइपांनी देवनागरी ग्रंथाक्षराचा आदर्शच घालून दिला. तो आदर्श भारदस्त व स्वच्छ बाळबोधाचा होता. १९१७ साली मुंबई सरकारने कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोधाचा स्वीकार करण्याचे ठरविले आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतूनही मागे पडली. इटॅलिकाने रोमनच्या शेजारी बसून जे काम केले, म्हणजे ठसका देणे, उद्धृत वेगळे दाखविणे, समारंभाला शोभा आणणे, ते काम करणारा पारंपरिक सोबती मराठी मुद्रणास लाभलाच नाही. ठसक्यासाठी ठळक अक्षर आले. तिरपे केलेले देवनागरी अक्षर पुढे आले खरे. पण ते बहुधा यंत्राने कलंडविलेले असते. शिरोरेषेला टांगलेले अक्षर कलले की हाताचा वेग दिसत नाही, खुंटीवरचे चित्र वाकडे झाल्याचा भास तेवढा होतो.

आजच्या हस्तवळणी देवनागरी टाइपांना म्हणूनच वारशाची सरळ रेषा नाही. त्यांनी निरनिराळ्या ठिकाणांहून उसनवारी केली आहे. काही पोथीच्या बोरूकडे गेले. काही पाट्या, नाट्यजाहिराती व शीर्षकलेखन यांतील कुंचल्याकडे. कमल शेडगे (निधन २०२०) यांच्या नाटकांच्या शीर्षकांनी मराठी डोळ्याला ह्या वळणाची सवय फार पूर्वीच लावली होती. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून देवनागरीशी तिचा मेळ घालणारी 'मुक्तलिपी' मांडली. २०१४ मध्ये सर्वांस विनामूल्य उपलब्ध झालेला 'कलम' हा साध्या हस्ताक्षराच्या जातीचा, तीन वजनांचा टाइप आहे. त्याचा आव लहान असल्यामुळेच तो चुकीच्या जागी फारसा खुपत नाही. याखेरीज आणखी एक मोठा वर्ग आहे, तो इंग्रजी गोलाकार हाताचे पोशाख देवनागरीस चढविणाऱ्या टाइपांचा. लग्नपत्रिकांच्या बाजारात त्याचाच सुकाळ दिसतो आणि नेमका तोच सर्वांत सदोष आहे. हा दोष रुचीचा नसून रचनेचा आहे, म्हणून तो थोडा सविस्तर पाहावयास हवा.

रोमन ओळीच्या वर आणि खाली जी जागा असते तीत काही अक्षरांचे शेंडे व शेपट्या तेवढ्या जातात. उरलेली जागा रिकामी असते. तेथे रेषेने कितीही गिरकी घेतली तरी शब्द बदलत नाही. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, चंद्र यांची वस्ती आहे आणि अक्षराच्या पायाशी उकार, ऋकार व जोडाक्षरांचे खालचे अवयव राहतात. येथे घातलेली शोभेची रेषा वाचली जाते. 'कल' मधील कच्या पायाशी एक गोंडस वळसा दिला की तो 'कुल' होऊ पाहतो. 'वश' वर नक्षीचा टिंब पडला की त्याचा 'वंश' होतो. 'सुत' आणि 'सूत' यांतील भेद एका लहानशा वळणाच्या दिशेवर उभा आहे. 'रुपया'तील रु आणि 'रूप'मधील रू यांचा भेद त्याहूनही सूक्ष्म. अलंकार करणाऱ्याचा हात जेथे सैल सुटतो, नेमक्या त्याच जागी मराठी शब्दाची ओळख पटवून देणारी चिन्हे असतात.

मराठीचे आणखी एक खास संकट म्हणजे अर्धा र. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगे. 'आचार्यास' नमस्कार करावयाचा असतो आणि 'आचाऱ्यास' स्वयंपाकाचे सांगावयाचे असते. पापणीच्या आकाराचा हा अर्धा र ज्या टाइपात नाही किंवा असूनही नीट बसत नाही, तो टाइप मराठी मानपत्रास अपात्र समजावा, मग तो दिसावयास कितीही मोहक असो. केवळ हिंदीचा विचार करून घडविलेल्या टाइपांत ही उणीव राहून जाण्याचा संभव अधिक. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीहून निराळी आहेत, त्यांचीही परीक्षा त्याच वेळी करून घ्यावी.

रोमन हस्तवळणी टाइपाचे बहुतेक वैभव मोठ्या अक्षरांत साठविलेले असते. देवनागरीत मोठी अक्षरे नाहीत. अनुकरण करणाऱ्याला ते वैभव कोठे ठेवावे हा प्रश्न पडतो आणि तो ते प्रत्येक अक्षरावर थोडे थोडे वाटून टाकतो. त्यामुळे सबंध ओळ सारखीच सजते आणि नजर कोठेच ठरत नाही. सांध्याचे तत्त्वही वेगळे आहे. रोमन अक्षरे पायाशी जोडली जातात, देवनागरी अक्षरे माथ्याशी. माथ्याचा सांधा असताना पायाशी दुसरा सांधा दिला, तर अक्षराभोवती चौकट तयार होते आणि शब्द जाळीसारखा दिसू लागतो. शिवाय देवनागरीच्या बोरूचा छाट रोमन रुंद लेखणीच्या उलट अंगाचा असतो, त्यामुळे जाड-बारीक रेषांच्या जागाही उलट पडतात. रोमनची जाडी तशीच उचलून देवनागरीवर घातली की अक्षर परक्या हाताने लिहिल्यासारखे वाटते. खटकते काय, हे वाचकाला सांगता येत नाही. खटकते मात्र खास.

याचा अर्थ देवनागरीस अलंकार वर्ज्य आहे असा नव्हे. अर्थाला धक्का न लावणाऱ्या जागाही लिपीत आहेत आणि जुन्या लेखनिकांना त्या चांगल्या ठाऊक होत्या. वेलांटीची कमान कितीही ऐसपैस झाली तरी 'दिन' व 'दीन' यांतील भेद तिच्या दांड्याच्या बाजूवर ठरतो, कमानीच्या विस्तारावर नाही. तिला मोकळे सोडता येते. शब्दाच्या अखेरचा काना खाली लांबविता येतो. शिरोरेषेचे डावे टोक ओळीच्या आरंभी थोडे बाहेर काढता येते. द, ह यांच्या शेपट्या, र चा तिरपा पाय यांना शब्दान्ती वळण देता येते, मात्र ते उकारासारखे गोल होता कामा नये. चांगला हस्तवळणी टाइप कोणता याची चाचणी याच जागांवर घ्यावी. गिरकी त्याने कोठे घेतली आहे यापेक्षा कोठे घेतलेली नाही, हे पाहणे अधिक उपयोगाचे. चाचणीसाठी निवडावयाचे शब्दही इकार, उकार, रफार व जोडाक्षरे यांनी भरलेले असावेत. टाइपविक्रेते नमुन्यादाखल जे दोन-चार सुबक शब्द दाखवितात त्यांत बहुधा कानाच फक्त असतो.

प्रत्यक्ष विनियोगात सर्वांत अधिक हेळसांड व्यक्तिनामांची होते. प्रमाणपत्रावरील ठराविक मजकूर वाचकाला जवळपास पाठच असतो. तो अस्पष्ट असला तरी अंदाजाने वाचला जातो. नाव अंदाजाने वाचता येत नाही. तरीही प्रचलित प्रथा अशी की, मजकूर साध्या टाइपात आणि नाव मात्र अत्यंत अलंकृत टाइपात. हा क्रम उलटा हवा. शीर्षक हस्तवळणी असावे. नाव मोठे, ठळक पण स्वच्छ बाळबोधात असावे, अथवा निदान रुंद लेखणीच्या, न सांधलेल्या वळणात असावे. आडनावाचे अक्षर चुकीचे वाचले गेले तर पुढे नोकरीच्या अर्जात, पारपत्रात आणि निवृत्तिवेतनाच्या कागदात त्याचा पाठपुरावा करावा लागतो. ज्यावर हा प्रसंग ओढवतो त्याला टाइपाचे सौंदर्य आठवत नाही. लग्नपत्रिकेतही हेच तत्त्व लावता येईल. वधूवरांची नावे मोठ्या आकारात असल्यामुळे त्यांस संयत हस्तवळण शोभते, परंतु तिथी, वेळ, स्थळ आणि विशेषतः आकडे साध्या टाइपातच असावेत. अलंकृत टाइपांत देवनागरी १ आणि ९, तसेच ५ आणि ६, यांची वळणे एकमेकांजवळ सरकतात, आणि मुहूर्त चुकलेला पाहुणा दोष पत्रिकेला देतो.

प्रबंधाच्या मुखपृष्ठावर हस्तवळणी टाइप वापरू नये असे म्हणणे अतिरेकाचे होईल. संशोधनाचा विषय काव्य, हस्तलिखिते किंवा कला असेल तर शीर्षकापुरता तो योग्यही ठरेल. मात्र येथे एक तांत्रिक बाब दुर्लक्षून चालत नाही. बाजारातील पुष्कळसे अलंकृत मराठी टाइप युनिकोडपूर्व पद्धतीचे आहेत. त्यांत पडद्यावर दिसते देवनागरी, परंतु संगणक साठवितो ती निराळीच चिन्हे. अशा टाइपात मांडलेले शीर्षक ग्रंथालयाच्या सूचीत उतरविताना निरर्थक अक्षरांची माळ होते व शोध घेणाऱ्याला तो प्रबंध सापडत नाही. अंतर्भागात, तळटीपांत, कोष्टकांत आणि परिच्छेद उद्धृत करताना हस्तवळणी टाइपाला स्थान नाही. सूचनाफलक, औषधाची माहिती, परीक्षेचे वेळापत्रक, कायदेशीर जाहीर प्रकटन यांच्या बाबतीत तर चर्चाच नको.

राहता राहिली मोडी. २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत तिचा समावेश झाला आणि मोडीचे मुद्राक्षर संगणकावर आणण्यातील पायाभूत अडथळा दूर झाला. पत्रिकेवर केवळ नवलाई म्हणून मोडी छापण्याची हौस अलीकडे दिसते. ती निरुपद्रवी आहे, कारण तीच माहिती शेजारी बाळबोधात दिलेलीच असते. पण मोडी टाइपाचे खरे स्थान 'सिव्हिलिते'च्या इतिहासाने आधीच दाखवून दिले आहे. पुण्यातील पेशवे दफ्तरापासून तंजावरच्या सरस्वती महालापर्यंत मोडी कागदांचे प्रचंड साठे आहेत आणि ते वाचू शकणारे थोडे आहेत. अभ्यासकासाठी काढावयाच्या वाचनपाठांत मोडी टाइप उपयोगी पडावयाचा असेल तर त्यात प्रत्येक अक्षराचे एकच ठरीव रूप असून भागणार नाही. कान्याशी मिळालेली रूपे, न तोडलेले शब्द, ओळभर धावणारी शिरोरेषा आणि एकाच अक्षराची दोन-तीन प्रचलित वळणे ही सर्व त्यात असावयास हवीत. एकसारख्या, सुट्या सुट्या मोडी अक्षरांवर शिकलेला विद्यार्थी मूळ कागदासमोर बसला की पहिल्याच ओळीत अडतो. शेजार पाहून रूप बदलणाऱ्या अक्षरांची सोय आज उपलब्ध आहे. लग्नपत्रिकांच्या टाइपांसाठी ती ज्या उदारपणे वापरली जाते, तेवढी मोडीच्या वाट्याला अद्याप आलेली नाही.